चक्रं राहू दे, आधी चप्पल उलटी करून बघ

अरे,

तुझा परवाचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा मेथी निवडताना आणि मग एकदा नीट बसून. तीन महिने रोज पहाटे उठतोयस, मूलाधारापासून, म्हणजे कण्याच्या तळापासून, एकेक चक्र, म्हणजे योगात सांगितलेलं शक्तीचं केंद्र, लाल, केशरी, पिवळं असं डोळ्यांसमोर आणतोयस, आणि काही म्हणजे काहीच जाणवत नाही, तर आपलंच काही चुकतंय का, असं विचारलंयस. उत्तर टाइप करायला घेतलं ते लांबतच गेलं, म्हणून हे पत्रच समज.

पहिलं म्हणजे ते रंग सोड. इंद्रधनुष्यासारखे ओळीने सात रंग ही अलीकडची, विसाव्या शतकात पश्चिमेकडे जमवलेली भानगड आहे. षट्चक्रनिरूपण म्हणून १५७७ चा ग्रंथ आहे, त्यात बेंबीपाशी असलेलं मणिपूर पावसाळी ढगासारखं काळसर आणि छातीतलं अनाहत दुपारीच्या फुलासारखं लालभडक सांगितलंय, हिरवं कुठेच नाही. नाड्यांचं, म्हणजे प्राण वाहायच्या वाटांचं पण तेच, योगाच्या जुन्या ग्रंथांपैकी हठप्रदीपिका ७२,००० म्हणते आणि शिवसंहिता साडेतीन लाख. आता तू कुठली मोजणार?

मग हे सगळं खोटं का? स्वामी दयानंद सरस्वतींना तरुणपणी हाच प्रश्न पडला होता. गंगेतून वाहत चाललेलं एक प्रेत त्यांनी काठावर ओढून आणलं, सुरीने चिरलं, पुस्तकातलं वर्णन समोर ठेवून शोधलं, काही जुळेना तेव्हा पुस्तकं फाडून त्या प्रेताबरोबरच नदीत सोडून दिली. मला हा माणूस फार आवडतो. पण प्रेताला श्वास कुठे असतो रे, आणि हे नकाशे ज्यांनी काढले ते तर डोळे मिटून आपल्याच जिवंत अंगात काय हलतंय ते बघत बसलेले लोक होते.

तर आता एक कर. रोजची चप्पल आठव आणि न बघता सांग, टाच कुठल्या बाजूने जास्त झिजलीय, आतून की बाहेरून, आणि डावी जास्त की उजवी. सांगून झालं की उलटी करून बघ. माझ्याकडे योग शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण चुकतात, मी स्वतः चुकले होते, माझी डावी बाहेरून पार तिरकी झिजली होती आणि मला वर्षानुवर्षं पत्ताच नव्हता, कंबर मात्र दुखायची. ज्या टाचेवर दिवसभर उभे असतो तिची खबर नाही आणि आपण मूलाधार शोधतोय. तैत्तिरीय उपनिषदात माणसाचे पाच कोश, म्हणजे एकात एक थर, सांगितलेत त्यात अन्नमय, म्हणजे हे शरीर, पहिला आहे, प्राणमय त्याच्या आत. म्हणून पंधरा दिवस फक्त ताडासन. पाच मिनिटं उभं राहायचं, वजन कुठे पडतंय बघायचं, अंगठ्याखाली, करंगळीखाली, टाचेवर, आणि सरळ करायची घाई करायची नाही. बोअर होईल. होऊ दे.

रात्री झोपताना रामरक्षा म्हणतोस का अजून? लहानपणी आजीने पाठ करून घेतली असेलच. ती कधी नीट ऐक, डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, गळा, खांदे, हात, हृदय, बेंबी, कंबर, मांड्या, गुडघे, पावलं आणि शेवटी सगळं अंग, असा क्रम आहे. आज पैसे भरून जे बॉडी स्कॅन शिकवतात ते आपण दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर भरभर म्हणून टाकायचो, पोटात भूक आणि लक्ष स्वयंपाकघराकडे. तीच आता पाठीवर पडून इतकी सावकाश म्हण की प्रत्येक अवयवाशी एक श्वास थांबता येईल. काही ठिकाणी काहीच जाणवणार नाही, माझ्या पाठीचा मधला भाग कित्येक महिने असा होता, जणू तिथे पाठच नाही. तिथे जोर लावू नकोस, पुढे जा. आणि डोळे मिटल्यावर छातीत धडधड वाढली, घाबरल्यासारखं झालं तर सरळ डोळे उघडायचे, उठून पाणी प्यायचं, आणि सारखंच व्हायला लागलं तर डॉक्टरांना दाखवायचं, यात कमीपणा नाही.

इडा पिंगळा, म्हणजे डाव्या आणि उजव्या नाकपुडीची नाडी, बघायचीच असेल तर स्टीलची ताटली घे, थंड. नाकाखाली आडवी धरून श्वास सोड, वाफेचे दोन डाग उमटतील, एक मोठा एक छोटा. दोनतीन तासांनी परत बघ, बहुतेकदा अदलाबदल झालेली असते. आपल्याकडे स्वरशास्त्रवाले, म्हणजे कुठल्या नाकपुडीतून श्वास चालतो ते बघणारे, हे कधीपासून सांगतायत, आणि कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये नाकाच्या आतली सूज अशी आलटून पालटून चढते उतरते हे नोंदवलं. डावी चालू असताना मन शांत, उजवीला तरतरी, असं म्हणतात. तू मान्य करू नकोस, वहीत लिही. वेळ, कुठली नाकपुडी, मूड कसा. दोन आठवडे.

आता माझी फजिती. चोविसाव्या वर्षी मी लायब्ररीतलं एक पुस्तक वाचून रिकाम्या पोटी भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा श्वास घ्यायचा सोडायचा प्राणायाम, करत बसले, जोरजोरात, किती वेळ ते आठवतही नाही. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर, हाताची बोटं आपोआप आखडली, डोळ्यांपुढे चमकलं. मला वाटलं झालं, उठली कुंडलिनी, ती मूलाधारात निजलेली शक्ती! धावत माझ्या योगाच्या सरांकडे गेले. ते पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, अगं कार्बन डायऑक्साइड कमी झाला तुझा, जा खाऊन घे काहीतरी. इतका अपमान वाटला मला. मग त्यांनीच ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून दिला. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलंय ते कुंडलिनीचं वर्णन सगळ्यांना माहीत असतं, पण माउली त्याच्या आधी कितीतरी ओव्या बसायची जागा कशी हवी, आसन कसं अंथरायचं, टाच नेमकी कुठे दाबायची यातच रमलेत. मी ते सगळं ओलांडून थेट पिल्लावर उडी मारली होती.

म्हणून मुंग्या, चमक, उष्णता असलं काही झालं की आधी साधं कारण शोध, पाय दुमडून नस दबली असेल, श्वास जास्त झाला असेल. पद्मासनात गुडघ्यात सणक आली तर ती सूक्ष्म बिक्ष्म काही नाही, पाय सोडव.

दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. आणि चप्पल तीच घालून ये, सेलमध्ये नवीन घेऊन बसू नकोस, मला बघायचीय.

काकू