जुन्या टर्नटेबलला बाहेरचे सुटे भाग : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : अमेरिकेतून परतलेल्या एका गृहस्थांकडून मी बेल्टवर चालणारे वापरलेले टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र) घेतले. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून ते चालते. पण गाणी संथ आणि खालच्या पट्टीत वाजतात, गायकाचा ‘स’ अक्षराचा उच्चार फाटतो आणि मागच्या गल्लीतले यंत्रमाग सुरू असले की स्पीकरमधून घरघर येते. मूळ कंपनीचे भाग मिळत नाहीत. ॲक्रिलिकचा प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी), नवी कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि जाड वायर यांपैकी आधी काय घ्यावे?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : पहिला खर्च या तिन्हींपैकी कशावरही न करता मोटरीच्या पुलीवर (बेल्ट फिरवणाऱ्या छोट्या चाकावर) करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० आवर्तनांची), तर आपल्याकडील ५० हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. आपली मोटर एसी सिंक्रोनस (विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरणारी) असेल, तर तिची गती हर्ट्झवरच ठरते. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी रेकॉर्ड सुमारे २७.८ फेरेच घेते आणि काळी चारमध्ये गायलेले गाणे जवळजवळ पांढरी चारमध्ये उतरते. बेल्ट कितीही चांगला आणला तरी हा दोष जाणार नाही. आपल्या मॉडेलसाठी ५० हर्ट्झची पुली बाहेरच्या उत्पादकांकडे शोधावी. न मिळाल्यास चांगल्या लेथवाल्याकडून मूळ पुलीच्या सुमारे १.२ पट व्यासाची पुली बनवून घ्यावी, मात्र ती किंचितही डगमगता कामा नये. त्याच वेळी बेल्ट बदलावा आणि बेअरिंगमधले घट्ट झालेले तेल पुसून नवे घालावे. गती तपासण्यासाठी १८० रेघांची, गती दाखवणारी कागदी स्ट्रोब चकती मुख्य विजेवरच्या साध्या पिवळ्या बल्बखाली फिरवावी. ३३⅓ ला रेघा स्थिर दिसल्या, तर गती बरोबर आहे.

‘स’ फाटण्याचे कारण बहुधा झिजलेली सुई किंवा चुकीच्या कोनात बसवलेली कार्ट्रिज हे असते. ही शंका फिटेपर्यंत आपल्या आवडत्या रेकॉर्ड कृपया वाजवू नका, कारण झिजलेल्या सुईने खाचेची केलेली हानी पुन्हा भरून येत नाही. पुलीनंतरचा पैसा येथेच खर्च करावा. आर्मचे (सुई धरणाऱ्या दांड्याचे) हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवायचे टोक, अर्ध्या इंचाच्या अंतरावरील दोन स्क्रूंचे असेल, तर ऑडिओ-टेक्निका कंपनीची व्हीएम९५ई कार्ट्रिज बसवता येते. पुढे तिच्या त्याच बॉडीला अधिक बारीक घडणीची सुईही लावता येते. तिच्या सुईचे रेकॉर्डवर पडायचे शिफारस केलेले वजन २ ग्रॅम आहे, ते छोट्या डिजिटल काट्यावर मोजूनच ठेवावे. वजन कमी ठेवले की रेकॉर्ड जपली जाते, ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंतींना अधिक इजा करते. घेण्यापूर्वी आर्म जड आहे की हलका, हेही विचारावे, कारण जड आर्मला फार लवचीक सुईची कार्ट्रिज मानवत नाही.

ॲक्रिलिकचा प्लॅटर मी सुचवणार नाही. त्याची जाडी बदलली की आर्मची उंची चुकते, आणि टर्नटेबल स्प्रिंगवर तरंगणारे असेल तर स्प्रिंगा मूळ वजनासाठीच जुळवलेल्या असतात. आर्ममधील वायर तर केसासारखी बारीकच हवी. जाड वायरीने आर्मची मोकळी हालचाल अडते.

यंत्रमागांची घरघर जमिनीतून येत असावी. मागांच्या बाजूची भिंत सोडून दुसऱ्या भक्कम भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर शहाबादी फरशी ठेवावी आणि तिच्यावर टर्नटेबल पाणसळीने समतल करावे. मागांमुळे हवेत सुताचा तूसही असणार, तेव्हा प्रत्येक बाजू वाजवल्यानंतर मऊ ब्रशने सुई मागून पुढे, एकाच दिशेने झाडावी. कोणत्याही नव्या भागासाठी मूळ पत्र्याला भोक पाडू नये, आणि काढलेली ६० हर्ट्झची पुली नाव लिहून जपून ठेवावी.