वाचक विचारतात : दरबार कसा भरायचा?

प्रश्न : जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीतून आत शिरलं की नुसता रस्ता लागतो. पोर्तुगीजांचा दरबार जिथे भरायचा तो राजवाडा कुठे होता? त्यातलं काही शिल्लक आहे का? (एक वाचक, माशेल)

उत्तर : राजवाडा कमानीला लागूनच होता. मुळात तो आदिलशाही किल्ल्यातला वाडा. सुरुवातीचे गव्हर्नर शहरातल्या सबायोच्या, म्हणजे आदिलशहाच्या दुसऱ्या वाड्यात राहत. 1554 मध्ये व्हाइसरॉय पेद्रु माश्कारेन्यश आले ते उतारवयात. तिथले जिने त्यांना झेपेनात, म्हणून त्यांनी नदीकाठच्या या किल्ल्यातल्या वाड्यात बिऱ्हाड हलवलं आणि पुढे 1695 पर्यंत व्हाइसरॉय इथेच राहिले.

इथला दरबार समजून घ्यायचा तर नदीपासून निघावं लागतं. नवा व्हाइसरॉय मांडवीच्या धक्क्यावर उतरायचा, कमानीतून शहरात शिरायचा, शहराच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या जायच्या. ही कमान वास्को द गामाचे पणतू फ्रान्सिश्कु द गामा यांनी व्हाइसरॉय असताना, 1597 ते 1600 या काळात, पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली. आज दिसते ती 1954 ची पुनर्बांधणी आहे, हे तिचा फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. राजवाड्यात भेटीला आलेल्याला आधी एक मोठं दालन लागे. पोर्तुगालहून आलेली जहाजांची आरमारं त्याच्या भिंतींवर साल आणि कप्तानाच्या नावासकट रंगवलेली होती, बुडालेली जहाजंसुद्धा. त्याच्या आत सगळ्या व्हाइसरॉय-गव्हर्नरांच्या तसबिरींचं दालन. म्हणजे समोरच्या माणसाशी बोलणं सुरू होण्याआधीच त्याच्यामागे किती जहाजं आणि किती माणसं उभी आहेत हे पाहुण्याला दाखवून झालेलं असे. फार विचारपूर्वक केलेली मांडणी आहे ही.

वाडा 1820 च्या सुमारास पाडला. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बांधकामाचं दुखणं आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. चुन्याचा गिलावा आणि वरची कौलं शाबूत आहेत तोवर चिरा टिकतो. एकदा कौलं सरकली की पावसाचं पाणी भिंतीच्या माथ्यातून आत मुरतं, गिलावा फुगून सुटतो आणि उघडा पडलेला चिरा झिजायला लागतो. त्यात पणजीच्या बांधकामांसाठी जुन्या गोव्याच्या पडक्या इमारतींचा दगड उचलला गेला. आता सेंट काजेतान चर्चजवळ आदिलशाही वाड्याची म्हणून दाखवतात ती काळ्या दगडाची द्वारचौकट तेवढी उभी आहे. तिच्यावरचं कोरीवकाम देवळाच्या दाराच्या वळणाचं आहे, ते जवळ जाऊन बघा.

तसबिरी मात्र वाचल्या. 1547 मध्ये गव्हर्नर जुआंव द काश्त्रु यांनी हे काम सुरू करवलं. देखरेख बखरकार गाश्पार कोर्रैय यांची होती आणि रंगवणारा चितारी इथलाच. दरबाराबरोबर तसबिरी पणजीच्या आदिलशाह राजवाड्यात गेल्या (व्हाइसरॉय तिथे 1759 मध्ये राहायला गेले) आणि मुक्तीनंतर जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आल्या. जुनी चित्रं लाकडी फळ्यांवर आहेत. पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात आकसते. रंगाचा थर तिच्याबरोबर ताणला जात नाही, म्हणून तो तडकून पडतो. पडला की कुणीतरी वरून पुन्हा रंगवायचं. असे थर चढत गेल्यामुळे एखाद्या तसबिरीतला चेहरा हा त्या माणसाचा अस्सल चेहरा आहे असं धरून चालू नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या गॅदरिंगला शिवराज्याभिषेकाचा प्रवेश बसवायचा आहे. रायगडच्या राजसभेत कोण कुठे होतं, काय कुठे ठेवायचं? (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : शक्य असेल तर हा प्रवेश स्टेजवर न करता मैदानात करा. राजसभा 220 फूट लांब आणि 124 फूट रुंद. लांबी आणि रुंदी दोन्हींचा चौथा हिस्सा घेतला तर 55 बाय 31 फूट, म्हणजे जवळजवळ तुमचं व्हॉलीबॉलचं कोर्ट. एका टोकाला पूर्वेकडे तोंड करून सिंहासन, समोरच्या टोकाला नगारखान्याचा दरवाजा. मधली सगळी जागा मोकळी सोडा. स्टेजवर ही लांबी मिळत नाही, इंग्रजांचा वकील (दूत) दोन पावलांत सिंहासनाशी पोचतो आणि प्रसंगाचा जीवच जातो. फोंडा महालातल्या देवळांचे नगारखाने मुलांनी पाहिलेले असतात, त्यामुळे नगारा दारावर का वाजतो हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

अभिषेक आणि सिंहासनारोहण हे दोन वेगळे विधी आहेत. नाटकांत ते हमखास एकत्र होतात आणि महाराजांवर सिंहासनावरच पाणी ओतलं जातं. आधी चौकीवर अभिषेक. त्या वेळी पूर्वेला मोरोपंत तुपाचा सोन्याचा कलश घेऊन, दक्षिणेला हंबीरराव मोहिते दुधाचा रुप्याचा, पश्चिमेला रामचंद्र नीलकंठ दह्याचा तांब्याचा, आणि उत्तरेला रघुनाथपंत मध घेऊन. मग वस्त्रं बदलून महाराज राजसभेत येतात आणि सिंहासनावर बसतात.

राजसभेतल्या मांडणीसाठी इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याची नोंद हाताशी आहे. तो स्वतः हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर चिन्हं होती. उजवीकडे मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्यावर समतोल सोन्याचा तराजू. तराजू न्यायाचा, मासे माही-मरातबाच्या, म्हणजे मत्स्यचिन्हाच्या राजमानाच्या परंपरेतले. पुठ्ठ्यावर सोनेरी कागद चिकटवून ही सगळी चिन्हं सहज होतील. ती गाळू नका, सजावटीच्या झुंबरांपेक्षा त्यांचं मोल जास्त आहे.

आणखी एक चूक नेहमी दिसते : आठ प्रधानांसाठी आठ खुर्च्या. सिंहासनाखालच्या पायरीवर संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण एवढेच बसले होते, बाकी सगळे अदबीने उभे, असं ऑक्झिंडेन लिहितो. त्यामुळे तुमच्या खुर्च्याही वाचतील.

वकिलाचा प्रवेश असा बसवा. तो नगारखान्याच्या बाजूने येतो, लांबूनच मुजरा करतो. दुभाष्या नारायण शेणवी नजर करायची हिऱ्याची अंगठी उंच धरतो. महाराजांचं लक्ष जातं, ते जवळ बोलावतात. वकील सिंहासनाच्या पायथ्याशी येतो, त्याला पोशाख मिळतो आणि तो निघतो. महाराज उठत नाहीत, हात मिळवत नाहीत. बाहेर पडताना दरवाजाशी दोन्हीकडे दोन लहान हत्ती आणि सोन्याचा साज घातलेले दोन देखणे घोडे त्याला दिसले. अशा अवघड वाटेने हे हत्ती गडावर आणले कसे, याचं त्याला फार नवल वाटलं. हे वाक्य निवेदकाच्या तोंडी जरूर घाला.

सिंहासन बत्तीस मण सोन्याचं, असं सभासद बखर सांगते. निवेदनात मणच म्हणा. मणाचं वजन प्रांताप्रांतांत आणि काळानुसार बदलत असे, त्यामुळे आजच्या हिशेबाने किलो काढले की आकडा चुकतो.

प्रश्न : राज्याभिषेक 6 जूनला की 16 जूनला? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. मुंबईचे इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळत, त्यात ती तारीख 6 जून 1674. पोर्तुगालने ग्रेगोरियन कॅलेंडर 1582 मध्येच घेतलं होतं, त्यामुळे गोव्यात त्याच दिवशी 16 जून होता. 17 व्या शतकातली इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदपत्रं शेजारी ठेवून वाचताना हे दहा दिवस आधी जुळवून घ्या.