फोटो एडिटिंग शिकायचंय, पण फी डॉलरमध्ये

प्रश्न : निपाणीत एका स्टुडिओत कामाला आहे. लग्नं, यात्रा, पासपोर्ट फोटो अशी सगळी कामं असतात. फोटोशॉप थोडंफार येतं, पण रंग सुधारताना सगळं अंदाजपंचे चालतं. परदेशातले ऑनलाइन कोर्स चांगले असतात म्हणतात, पण त्यांची फी परवडत नाही. स्वस्तात काय मिळेल?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : पहिले तीन महिने एक रुपयाही भरू नका. या विषयातलं चांगलं शिक्षण फुकट मिळतं, फक्त कुठून सुरुवात करायची ते ठाऊक हवं.

सुरुवात मार्क लेव्हॉय यांच्या व्याख्यानांनी करा. स्टॅनफर्ड विद्यापीठात ते डिजिटल फोटोग्राफी शिकवत. तोच अभ्यासक्रम त्यांनी २०१६ मध्ये गूगलमधल्या लोकांसाठी घेतला. त्याची १८ व्याख्यानं यूट्यूबवर मोफत आहेत. बटणं कुठली दाबायची ते त्यांत नाही. रंग कसा नोंदला जातो, अंधारात फोटोवर दाणे का येतात, उजेडाचा भाग कधी जळून कोरा पांढरा होतो, हे त्यांत आहे. अंदाजपंचे काम थांबतं ते इथंच. इंग्रजी जड गेलं तर सबटायटल लावा आणि वेग ०.७५ करा. नेट कमी असेल तर ‘केंब्रिज इन कलर’चे लेखी धडे वाचा. लेव्हल्स, कर्व्हज आणि शार्पनिंग याच क्रमानं घ्या.

घरी सरावाला सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. ‘फोटोपी’ ब्राउझरमध्येच चालतं, पीएसडी (फोटोशॉपची) फाइल उघडतं आणि दिसायला फोटोशॉपसारखंच आहे. ‘गिंप’ही मोफत आहे, पण रॉ फाइलसाठी (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोसाठी) सोबत ‘डार्कटेबल’ किंवा ‘रॉथेरपी’ लागतं. गिंपचे धडे निवडताना तारीख बघा. मार्च २०२५ मध्ये ३.० आवृत्ती आली. तिच्यात फिल्टर थरावर (लेयरवर) वेगळा राहतो आणि नंतर बदलता येतो. जुन्या २.१० च्या धड्यांत तसं नसतं, त्यामुळे शिकणारा अडकतो आणि आपलंच चुकलं असं समजतो. गिंपचे मेनू मराठीतही करता येतात, पण शिकेपर्यंत इंग्रजीच ठेवा, नाहीतर धड्यातलं बटण सापडणार नाही.

आता जे परदेशी धड्यात मिळणार नाही ते. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत उधळला जाणारा भंडारा, म्हणजे हळद, घ्या. डिजिटल फोटोतला रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा बनतो. गडद पिवळ्यात लाल आणि हिरवा चॅनेल वर असतो, निळा जवळजवळ शून्य. एकत्र हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) ठीक दिसतो, पण चॅनेल वेगळे करून पाहिले तर लाल उजव्या टोकाला आदळलेला असतो. अशा फोटोचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं की भंडाऱ्याचा कण न् कण नाहीसा होऊन सपाट पिवळा डाग उरतो. म्हणून रॉमध्ये आधी एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणा. मग फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन १० ते १५ नं कमी करा. चेहरे त्यानंतर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, उजळा. पांढरं पांढरंच दिसावं म्हणून आपोआप रंग सुधारणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सवर विसंबू नका. चौकटभर पिवळा दिसला की तो रंग निळ्याकडे ढकलतो आणि पांढरी धोतरं निळसर होतात. टोपीचा किंवा सदऱ्याचा भंडारा न लागलेला पांढरा भाग शोधून व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर तिथं टेका.

मापांचंही तसंच. अमेरिकन धड्यातला पासपोर्ट फोटो २ × २ इंचाचा असतो. आपल्याकडे बहुतेक ३५ × ४५ मिमी लागतो, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ × ५३१ पिक्सेल. ४ × ६ इंची कागद आडवा धरला की चार-चारच्या दोन रांगांत आठ बसतात. लग्नाच्या अल्बमचं १२ × ३६ इंची पान १०,८०० × ३,६०० पिक्सेलचं होतं. त्याचा एकेक भरलेला थर ८ बिटमध्येच (दर चॅनेलला २५६ छटा) सुमारे ११७ एमबी खातो, म्हणून दुप्पट जागा घेणाऱ्या १६ बिटचा आग्रह धरणारा धडा ८ जीबी रॅमच्या मशीनवर करायला गेलात तर मशीन अडून बसतं. रंग रॉमध्येच सुधारून घ्या आणि पान ८ बिटमध्ये जुळवा.

पुढे पैसे भरायचेच झाले तर रुपयात किंमत दाखवणारा कोर्स घ्या. डॉलरमध्ये भरलं की बँक वर साधारण २ ते ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी लावते. ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं. बँकेच्या ॲपमधून ते चालू करा, मर्यादा घाला, आणि काम झालं की पुन्हा बंद करा.

प्रश्न : मुलगी शिकायला जर्मनीला चालली आहे. तिला तिथं फोटो एडिटिंगही शिकायचंय. खासगी क्लासची फी फार आहे.
— एक पालक, बेळगाव

उत्तर : तिथल्या बहुतेक शहरांत ‘फोल्क्सहोखशूले’ असते. प्रौढांसाठीची ही सार्वजनिक शाळा, संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग घेते. फी खासगी क्लासपेक्षा बरीच कमी असते आणि विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी सवलत मिळते. ती नाव नोंदवतानाच मागावी. यादीत ‘बिल्डबेआर्बाइटुंग’ हा शब्द शोधायचा. वर्ग बहुधा जर्मनमध्येच असतात, त्यामुळे भाषा थोडी बसल्यावर दुसऱ्या सत्रात जाणं बरं. त्याआधी विद्यापीठाच्या संगणक केंद्रात विचारू द्या, विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर किंवा व्हिडिओ कोर्स मोफत आहेत का. तिथल्या कीबोर्डवर झेड आणि वाय यांची अदलाबदल असते. कंट्रोल-झेड म्हणून जुन्या सवयीनं बोट ठेवलं तर भलतीच कळ दाबली जाते.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये परदेशी धड्याप्रमाणे पत्रिका केली, पण मराठी आणि कन्नड जोडाक्षरं फुटतात.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : धडा रोमन लिपीपुरता आहे. जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’मध्ये ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ लावा. आधी टाइप केलेल्या मजकुरालाही तो निवडून लावावा लागतो. फॉन्ट युनिकोड हवा. मराठीला ‘बलू’ आणि कन्नडला ‘बलू तम्मा’ घ्या. दोन्ही एकाच घराण्यातले आणि मोफत आहेत, त्यामुळे पत्रिकेवर दोन्ही लिप्यांची जाडी जुळते.