नॉटिंगहॅमचे पब: नव्या माणसाला सल्ला

सगळे तुला आधी 'ट्रिप टू जेरुसलेम'लाच पाठवतील. भिंतीवर स्थापनेचं म्हणून ११८९ साल रंगवलंय, त्याला कागदोपत्री पुरावा नाही. पण वाळूखडकात कोरलेल्या त्या खोल्या बघच. शनिवारी मात्र नको, नुसती जत्रा असते. वेटरची वाट बघत बसू नकोस, काउंटरवर जाऊन मागायचं. हातपंपाची कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरलेली बिअर, घे. ती ११ ते १३ अंशांनाच देतात, त्यामुळे 'कोमट बिअर' म्हणून नाक मुरडू नकोस. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर मात्र निमूट पिऊ नकोस, परत दे. चांगला पबवाला कुरकुर न करता बदलून देतो. मित्राने राउंड घेतला, म्हणजे सगळ्यांची पेयं त्याच्या पैशाने आणली, की पुढचा तुझा. भिंतीभर टीव्ही असलेल्या पबात मी तरी पाऊल ठेवत नाही. वेदरस्पून ही पबची साखळी? स्वस्त आहे, महिनाअखेरीला चालेल.