अनुकंपा नोकरी आणि अडवलेल्या वेतनवाढी

प्रश्न : वडील सेवेत असताना वारले. ४ मार्च २०१९ रोजी मी अनुकंपा तत्त्वावर सोलापुरातील एका राज्य शासकीय कार्यालयात लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू झालो. दोन वर्षांत मराठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र सादर करण्याची अट होती, ते जून २०२४ मध्ये मिळाले. दरम्यान १ जानेवारी २०२२, २०२३ आणि २०२४ च्या वेतनवाढी दिल्या नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून एक वेतनवाढ दिली, मागच्या तीन मिळणार नाहीत असे सांगतात. ‘अनुकंपावाल्यांनी हक्काची भाषा करू नये’ असेही ऐकवतात. लेखी आदेश काहीच नाही. सेवापुस्तकात ‘प्रमाणपत्र सादर नाही, सबब वेतनवाढ देय नाही’ एवढा लाल शाईतला शेरा आहे. दाद मागता येईल का? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : येईल. अनुकंपा नियुक्ती हा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने उमेशकुमार नागपाल प्रकरणात (१९९४) म्हटले, ते नोकरीत प्रवेश मिळण्याबद्दल. नियमित पदावर नियुक्ती झाल्यावर आपल्याला वेतनाचे तेच नियम लागू होतात जे परीक्षा देऊन आलेल्या शेजारच्या टेबलावरच्या लिपिकाला लागू आहेत. वडिलांच्या जागी लागलात म्हणून पगार उपकाराचा होत नाही. हे टोमणे मनावर घेऊ नका, कागद गोळा करा.

पहिला प्रश्न असा, की वेतनवाढ शिक्षा म्हणून रोखली की अट पूर्ण झाली नाही म्हणून? महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ च्या नियम ५ नुसार वेतनवाढ रोखणे ही शिक्षा आहे. तिच्यासाठी नियम १० प्रमाणे दोषारोप कळवून म्हणणे मागवावे लागते. मात्र सेवाशर्तीनुसार ठरलेली परीक्षा उत्तीर्ण न झाल्याने वेतनवाढ रोखली, तर ती शिक्षा धरली जात नाही. कार्यालय हाच बचाव घेईल.

म्हणून नियुक्ती आदेशातली अट शब्दशः वाचा. मुदत चुकल्यास वेतनवाढ रोखली जाईल असे त्यात किंवा सेवाप्रवेश नियमांत लिहिले आहे का? केवळ ‘सेवा समाप्त करण्यात येईल’ असे असेल, तर कार्यालयाने सेवा तर समाप्त केली नाही आणि न लिहिलेली दुसरीच कारवाई केली. हा आपला सर्वांत भक्कम मुद्दा. वेतनवाढ रोखण्याची तरतूद असेलच, तर पुढचे शब्द पाहा. ‘प्रमाणपत्र मिळेपर्यंत’ असे असेल, तर रोखलेल्या वेतनवाढी जून २०२४ नंतर वेतनात मोकळ्या व्हायला हव्यात, असे आमचे मत आहे. त्या आधीच्या काळाची रोख थकबाकी मात्र अशा वेळी अवघड.

आता रक्कम पाहू. सातव्या वेतन आयोगाच्या एस-६ या वेतनस्तरात आपले मूळ वेतन १९,९०० वर सुरू होऊन १ जानेवारी २०२१ ला २१,१०० झाले. रीतसर वेतनवाढी मिळाल्या असत्या तर ते पुढे २१,७००, २२,४००, २३,१०० आणि २०२५ मध्ये २३,८०० झाले असते. प्रत्यक्षात २०२५ मध्ये २१,७०० मिळाले. २०२२ ते २०२५ या चार वर्षांचा मूळ वेतनातला फरक अनुक्रमे ७,२००, १५,६००, २४,००० आणि २५,२००, म्हणजे एकूण ७२,००० रुपये. महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. दुरुस्ती झाली नाही तर हा फरक निवृत्तीपर्यंत मागे लागेल. म्हणून थकबाकीपेक्षा वेतननिश्चितीची, म्हणजे मूळ वेतन योग्य टप्प्यावर ठरवण्याची, मागणी आधी लिहा.

सेवापुस्तकाची लाल शेऱ्याच्या पानासह प्रत, अट घालणारा आदेश आणि रोखण्याबाबतची टिपणी माहिती अधिकारात मागा. १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. टिपणीत सक्षम अधिकाऱ्याची मंजुरीच नाही, असे निघाले तर लाल शेऱ्याला आधार उरत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे टंकलेखन परीक्षा पुढे गेली असेल, तर परीक्षा अर्जाची पावती आणि हॉलतिकीट जोडा. मुदत आपल्या हलगर्जीपणामुळे चुकली नाही, हे त्यातून दिसते.

मग कार्यालय प्रमुखांमार्फत नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे निवेदन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. शिक्का नसलेले निवेदन दिले होते हे सिद्ध करणे फार कठीण जाते. सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे मूळ अर्ज करता येतो. ते सहा महिने संपल्यापासून एक वर्षाची मुदत. निवेदन फेटाळल्याचा आदेश आला तर त्या आदेशापासून एक वर्ष. स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे एस. एस. राठोड प्रकरणात (१९८९) ठरले आहे. अनेकांचे प्रकरण इथेच बुडते.

चुकीची वेतननिश्चिती हा दरमहा नव्याने घडणारा अन्याय आहे, असे एम. आर. गुप्ता निकाल (१९९५) सांगतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून दावा संपत नाही. पण तरसेमसिंग निकालानुसार (२००८) थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २०२२ ची रक्कम यामुळे बहुधा हातची गेलीच. निवेदन याच आठवड्यात द्या.

प्रश्न : मी पंढरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेत अनुकंपावर शिपाई आहे. सात वर्षांपूर्वीच्या वेतनवाढी चुकून दिल्या म्हणून वसुलीची नोटीस आली आहे.

उत्तर : आपण गट ड मध्ये आहात. माहिती दडवली नसेल, तर रफीक मसीह निकाल (डिसेंबर २०१४) आपल्या बाजूने आहे. गट क व ड आणि पाच वर्षांहून जुन्या जादा रकमेची वसुली त्याने अमान्य केली. पूर्वी जादा रक्कम परत करण्याच्या हमीपत्रावर सही केली असल्यास त्याची प्रत आधी मिळवा, कारण जगदेवसिंग प्रकरणात (२०१६) त्यावरूनच वसुली टिकली. तो कर्मचारी मात्र न्यायिक अधिकारी होता, शिपाई नव्हे, हे उत्तरात लिहा. नोटिशीच्या मुदतीतच लेखी म्हणणे द्या. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. याचिका उच्च न्यायालयात. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूर पीठाला जोडला असल्याने आता मुंबई गाठायची गरज नाही.