पाच अल्पाका आणि वणव्याचा पहिला हंगाम

तुम्ही विचारलंय की पाच अल्पाका (उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळतात तो लहान प्राणी) आहेत, तीन माद्या (त्यातली एक गाभण) आणि दोन नर, चहूबाजूंनी वाळलेलं गवत, पहिलाच वणव्याचा हंगाम, तर आग किती जवळ आली की निघायचं? आमच्याकडे अकरा आहेत आणि हा आमचा नववा हंगाम. माझं उत्तर तुम्हाला फारसं आवडणार नाही: आग दिसायच्या आत निघायचं. ‘तयारीत राहा’ असा पहिला इशारा आला की जनावरं हलवायची. ‘आता निघा’ या दुसऱ्या इशाऱ्याची वाट माणसांनी बघावी, जनावरं असणाऱ्यांनी नाही. माणूस पाच मिनिटांत गाडीत बसतो. सवय नसलेले पाच अल्पाका चढवायला दोन तास सहज जातात, तेही दिवसाउजेडी.

आम्ही हे तिसऱ्या वर्षी शिकलो. रात्री एकच्या सुमारास निघायची वेळ आली. वारा सुटलेला, वीज गेलेली, डोक्याला टॉर्च बांधून मोरक्या चढवत होतो. मदतीला आलेल्या ओळखीच्या एका मुलानं आमच्या सगळ्यात शांत मादीला मोरकी घातली आणि दहा पावलांत ती धापा टाकत खाली बसली. मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, घशातून घरघर. आम्हाला वाटलं धूर बाधला. टॉर्च तोंडावर मारल्यावर दिसलं की नाकावरचा पट्टा घसरून दोन बोटं खाली आला होता. अल्पाकाच्या नाकाचं हाड वरच्या भागातच असतं, खाली सगळी मऊ कूर्चा. पट्टा तिथं आला की नाक दाबलं जातं, आणि हा प्राणी श्वासासाठी जवळजवळ पूर्णपणे नाकावरच अवलंबून असतो. पट्टा वर सरकवून डोळ्यांच्या अगदी खाली, हाडावर बसवला, तशी मिनिटाभरात ती उठली. तेव्हापासून प्रत्येकाची मोरकी त्याच्या मापाची, नाव लिहून खुंटीला वेगवेगळी टांगलेली असते. आणि नायलॉनची एकही नाही. नायलॉन उष्णतेनं वितळून कातडीला चिकटतं. चामड्याची किंवा सुती घ्या.

गाडीचं म्हणाल तर मोठा ट्रेलर असायलाच हवा असं नाही. अल्पाका प्रवासात पाय दुमडून खाली बसतात, त्यामुळे मागच्या सीट काढलेल्या व्हॅनमध्येही तीन-चार मावतात. तळाला घसरणार नाही अशी रबरी चटई टाका आणि आत कुणालाही बांधू नका. खरं काम मात्र थंडीच्या महिन्यांत करायचं असतं. आम्ही आठवड्यातून एकदा खुराक ट्रेलरमध्येच ठेवतो. आता ट्रेलरचं दार वाजलं की तेच रांग लावतात. आधी कळपातली म्होरकी मादी चढवायची, बाकीच्या तिच्या मागं येतात. एकट्या जनावराला कधीही कुठं नेऊ नका, एकटं पडलं की ते खाणं टाकतं.

नर-माद्यांमध्ये फळी हवीच. यांच्या माद्यांना ठरावीक माज नसतो, नराशी संग झाला की मगच बीज सुटतं. म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्यात एका दुपारी फाटक उघडं राहिलं तरी पुरे. आमच्याकडे त्या तिसऱ्या वर्षीच्या धावपळीचं फळ साडेअकरा महिन्यांनी उड्या मारत होतं. शिवाय अनोळखी जागी नर एकमेकांना चावतात, आणि त्यांचे सुळे चांगलेच धारदार असतात.

निवाऱ्यावर जाताना स्वतःचा चारा घेऊन जा, किमान चार-पाच दिवसांचा. एकदम चारा बदलला तर यांचं तीन कप्प्यांचं पोट बिघडतं. त्याहून मोठा धोका भल्या माणसांचा! अशा ठिकाणी लोक प्रेमानं गुरांचा किंवा कोंबड्यांचा खुराक आणून टाकतात. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं. ते गुरांना चालतं, अल्पाकांच्या जिवावर बेततं. आम्ही कुंपणाला पाटीच लावतो: आमच्याशिवाय कुणी काही खायला घालू नये.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. हंगामातले बहुतेक दिवस आगीचे नसतात, धुराचे असतात. आग पन्नास किलोमीटरवर असते आणि तुमच्याकडे आठवडाभर सूर्य तांबडा दिसतो. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (AQI, आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट) १५० च्या वर गेला की आम्ही जनावरांना पळवणं, फिरवणं, धरणं सगळं बंद करतो. लसही पुढं ढकलतो. धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, आणि श्वास जितका जोरात तितके ते जास्त जातात. सुकं गवत पाणी शिंपडून घाला म्हणजे निदान त्याची धूळ तरी कमी होईल. पाण्याच्या टाकीवर राखेची साय धरते, ती रोज काढा, नाहीतर ते पाणी पीत नाहीत. गोठा कडेकोट बंद करायचा मोह होतो, पण आतली धूळ आणि लेंड्या-मुताचा वास धुरात भर घालतो. हवा खेळती हवी.

दुखणं लपवण्यात हा प्राणी पटाईत. म्हणून मी रोज सकाळी, ते उठायच्या आत, कुंपणाबाहेर उभी राहून बरगड्यांकडे बघत श्वास मोजते. विसावलेल्या अल्पाकाचा श्वास मिनिटाला १० ते ३० असतो. कुणाचा त्यापुढं गेला, नाकातून पाणी आलं, किंवा कुणी कळपापासून बाजूला बसलं तर त्याच्यावर दिवसभर लक्ष. तोंड उघडं टाकून श्वास घेताना दिसलं तर लक्ष-बिक्ष काही नाही, सरळ पशुवैद्याला फोन.

उन्हासाठी एक बेरीज सगळीकडे सांगतात: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी मिळवा, १२० च्या आत असेल तर निर्धास्त, १८० च्या वर गेलं तर धोका. वणव्याच्या दिवसांत ही बेरीज फसवते. १०४ अंश आणि १० टक्के म्हणजे ११४, कागदावर सगळं छान! पण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरच्या थंड हवेतला प्राणी आहे हा. अशा दिवशी मी आकड्याकडे न बघता पाइप घेऊन जाते आणि पोट, काखा, पाय भिजवते. पाठीवर पाणी मारायचं नाही. ओली लोकर अंगाला चिकटून उष्णता आतच कोंडते. लोकर उन्हाळ्याआधी कातरलेली असणार हे मी गृहीत धरतेय.

जागेबद्दल. गवत कापा, घराला आणि गोठ्याला लागून काहीही जळण ठेवू नका, गवताचे गठ्ठे जनावरांपासून लांब रचा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. लेंड्यांचं कुणी सांगत नाही. अल्पाका ठरलेल्या एकाच जागी लेंड्या टाकतात, साफसफाईला सोय, पण उन्हाळ्यात तो ढीग सुकून चांगलं सरपण होतो. वाऱ्यानं उडालेली ठिणगी त्यात पडली तर ज्वाळा दिसत नाहीत, आतून दिवसेंदिवस धुमसतो. हंगामात ढीग दर दोन दिवसांनी उचला आणि लांब नेऊन टाका. आणि वीज गेली की बोअरचा पंप बंद. एक अल्पाका दिवसाला चार ते आठ लिटर पाणी पितो, उन्हात त्याहून जास्त. दोनशे लिटरचे दोन पिंप नेहमी भरून ठेवा.

आणि समजा नेताच आलं नाही, तर गोठ्यात कोंडून जाऊ नका. चरून-तुडवून माती उघडी पडलेला एक तुकडा आधीच राखून ठेवा, त्यात पाणी ठेवून सोडा. मोरक्या काढा. कातरलेल्या बाजूवर जनावरांवर खूण करायच्या खडूनं फोन नंबर लिहा. गोठ्याचं दार बाहेरून लावून घ्या, कारण घाबरलेलं जनावर ओळखीच्या छपराकडे परत धावतं.

परत आल्यावर घाई नको. जमीन वरून गार दिसते आणि खाली मुळं जळत असतात. यांना खूर नसतात, मऊ तळवे असतात, त्यामुळे आधी तुम्ही चालून बघा, मग त्यांना सोडा. धूर भरपूर खाल्ला असेल तर फुप्फुसं सावरायला चार ते सहा आठवडे द्या.

तुमची गाभण मादी कधी व्यायची आहे ते लिहिलं नाहीत. नराकडे सोडल्याची तारीख असेल तर साडेअकरा महिने मोजा. या माद्या बहुतेक सकाळी ते दुपारच्या आत वितात, त्यामुळे दिवस भरत आलेले असतील तर धुराच्या दिवसांत निदान दुपारपर्यंत कुणीतरी घरी हवं. दिवस अगदी भर हंगामात येत असतील तर मी तिला एका सोबतिणीसह आत्ताच, हवा चांगली असताना, धुरापासून लांब कुणा ओळखीच्यांकडे ठेवीन. तारीख कळवा, मग नीट बघू.