वाचक विचारतात : मोठ्या मासळीसाठी गळ कोणता?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र सुटीच्या दिवशी वर्सोव्याहून ओळखीच्या नाखव्याच्या होडीने गळाची मासेमारी करण्यास जातो. गेल्या खेपेस लागलेली मोठी सुरमई होडीजवळ येऊन निसटली आणि गळ जवळजवळ सरळ झालेला आढळला. रिळावर ३० पौंडांची दोरी आहे. दुकानदार १०/० क्रमांकाचे, म्हणजे बरेच मोठे, जाड गळ घेण्यास सांगतो. ते योग्य ठरतील का? – एक वाचक, अंधेरी

उत्तर : गळ सरळ झाला याचा अर्थ तो लहान होता असा नाही, त्याची तार ओढीच्या मानाने बारीक होती, किंवा मासा होडीपाशी येताच घाईने ड्रॅग (रिळातून दोरी सुटताना तिला रोखणारा, कमीजास्त करता येणारा ब्रेक) आवळला गेला असावा. ड्रॅग साधारणपणे दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका ठेवतात, म्हणजे आपल्या दोरीवर साडेसात ते दहा पौंड, आणि तो अंदाजाने न ठरवता स्प्रिंगच्या काट्यावर मोजून घ्यावा. एवढ्या ओढीने १०/० चा जाड गळ उलट्या काट्यापर्यंत रुतणेच कठीण असल्याने दुकानदाराचा सल्ला मला पटत नाही. याच दोरीवर मध्यम तारेचा, घडीव, ५/० ते ७/० चा गळ पुरेसा आहे. मात्र शून्याआधीचे हे आकडे सर्व कंपन्यांचे सारखे नसतात, म्हणून खरेदीच्या वेळी आपले आमिष डोळ्यांसमोर ठेवावे: अख्खा बांगडा किंवा बोईट लावल्यावरही गळाचे टोक आणि दांडा यांमधली जागा मोकळी राहिली पाहिजे.

सुरमईची गोष्ट थोडी निराळी आहे. ती पुष्कळदा आमिषाची शेपटी कापून नेते आणि पुढचा गळ तसाच परत येतो. त्यामुळे पहिल्या गळाच्या नेढ्यातून तारेचा छोटा तुकडा काढून शेपटीजवळ दुसरा गळ बसवावा लागतो. लीडरही (दोरी आणि गळ यांना जोडणारा शेवटचा तुकडा) तारेचाच हवा, कारण तिच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही.

घोळ किंवा गोबरा यांच्यासाठी तळाशी आमिष सोडणार असाल, तर टोक दांड्याकडे वळलेला सर्कल हुक घ्यावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही, म्हणून सोडून द्यायचा मासा जगण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत अटलांटिकमधील बिलफिशच्या (मार्लिनसारख्या लांब चोचीच्या मोठ्या माशांच्या) स्पर्धांत नैसर्गिक आमिषासोबत, टोक बाजूला न वळवलेला असा हुक २००८ पासून सक्तीचा आहे. अट एकच, की मासा लागताच काठीला हिसका द्यायचा नाही, दोरी आपोआप ताणू द्यायची. जुन्या सवयीच्या हातांना हेच सर्वांत जड जाते, आणि मग दोष हुकाला दिला जातो.

स्टेनलेस गळ गंजत नाहीत म्हणून लोकांना आवडतात; पण दोरी तुटल्यास ते माशाच्या तोंडात दीर्घकाळ राहतात, तर कार्बन पोलादाचे हळूहळू गंजून झडतात. मी दुसरे वापरतो, परतल्यावर गोड्या पाण्याने धुतो आणि ओले गळ कोऱ्या गळांच्या डबीत ठेवत नाही. नवा गळसुद्धा अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून पाहावा. टोक घसरले तर बारीक कानस फिरवावी, आणि तरीही घसरत असेल तर तो गळ पुन्हा डबीत टाकू नये.